सुटकेची बातमी घेऊन जाणारी माणसं

कायद्याने वेठबिगारी संपली ती 1976 मध्ये. बंगळूरच्या वेशीवरच्या खेड्यांना मात्र त्याचा पत्ता लागायला आणखी दहा-बारा वर्षं जावी लागली. ती बातमी तिथे कुणी नेली, कशी नेली आणि ती आजही का न्यावी लागते, त्याची ही हकिगत.

भिंतीवरच्या कॅलेंडरात 9 फेब्रुवारीचा चौकोन काढून पाहा. तिथी असेल, नक्षत्र असेल, एखाद्या वर्षी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळही असेल. पण या तारखेला या देशातल्या लाखो माणसांच्या मानेवरचं जोखड कायद्याने उतरवलं गेलं, याची नोंद बहुधा सापडणार नाही. 9 फेब्रुवारी 1976 या दिवशी वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याआधीच्या ऑक्टोबरात वटहुकूम निघाला होता, म्हणून कायदा लागू धरला गेला तो 25 ऑक्टोबर 1975 पासून. आणीबाणीचे दिवस होते. वीस कलमी कार्यक्रमाच्या पाट्या जागोजाग लागल्या होत्या आणि वेठबिगारीचं निर्मूलन हे त्यातलंच एक कलम होतं. आणीबाणीने पुष्कळ काही हिरावून घेतलं; हा एक कायदा मात्र ती देऊन गेली, हे तिच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं.

कर्नाटकात ही तारीख अगदीच विसरलेली नाही. 'जीत पद्धत निर्मूलन दिन' म्हणून जिल्हा कचेऱ्यांत कार्यक्रम होतो. साहेबांपासून शिपायापर्यंत सारे उभे राहतात, हात पुढे करून शपथ घेतात. दोन मिनिटांत शपथ संपते आणि फायली पुन्हा उघडतात. पण हा दिवस खऱ्या अर्थाने पाळणारी माणसं वेगळीच आहेत. एका दिवसाच्या शपथेवर त्यांचं भागत नाही. वर्षाचे उरलेले दिवस ती गावोगाव पायपीट करत असतात.

मराठी कानाला 'जीत' म्हटलं की विजय आठवतो. कन्नडमध्ये अर्थ नेमका उलटा! जीत म्हणजे घेतलेल्या कर्जापोटी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या शेतात राबत राहणं. असा राबणारा तो 'जीतदाळू'. आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठरतो, सालाचे पैसे ठरतात, पुढल्या पाडव्याला तो दुसरा वाडा धरू शकतो. जीतात असा पुढला पाडवा येतच नाही. लग्नासाठी, आजारपणासाठी, कधी नुसत्या दोन पोती धान्यासाठी शे-पाचशे रुपये उचलायचे, आणि त्या बदल्यात घरातला एक माणूस मालकाच्या गोठ्यापाशी ठेवायचा. बहुतेकदा तो माणूस म्हणजे आठ-दहा वर्षांचा मुलगा असे. गुरं राखायची, शेण काढायचं, मोठा झाला की नांगर धरायचा. मोबदला म्हणजे नाचणीच्या पिठाचा गोळा, वर्षाला एक कांबळं आणि जुनेर. आजारी पडला तर तो दिवस कर्जात मिळवायचा. हिशेबाची वही मालकाकडे आणि वाचता येणारा माणूसही मालकाकडेच. बाप मेला की ती वही मुलाच्या नावावर.

कायदा करणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून कायद्याच्या व्याख्येतच देशभरच्या अशा रीतींची तीसेक नावं घालून ठेवली आहेत. हरवाई, कामिया, पालेरू, सागरी, वेट्टी... आणि त्यातच 'जीता'. नावं वेगळी, गाठ एकच. ती गाठ कायद्याने एका झटक्यात कापली. वेठीला कारण झालेलं कर्ज बुडालं, ते फेडण्याची जबाबदारी संपली. त्यापोटी गहाण पडलेली वस्तू मोकळी झाली. मजूर राहत असेल ते खोपटं मालकाला काढून घेता येणार नाही. आणि हे कर्ज वेठीचं नाही असं मालकाचं म्हणणं असेल तर ते त्याने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. कागदावर इतका गरिबाच्या बाजूने झुकलेला कायदा आपल्याकडे क्वचितच सापडेल.

अडचण एवढीच होती की ज्याच्यासाठी कायदा, त्याला तो सांगणार कोण?

होसूर रस्त्यावरची दोन जगं

बंगळूरहून होसूरकडे निघालं की शहर संपता संपता इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या महामंडळाने 1978 मध्ये तिचा पाया घातला. पुढे काचेच्या इमारती उठल्या. पुण्या-मुंबईची, नागपूर-सांगलीची किती तरी मराठी मुलं आज तिथे नोकरीला आहेत. त्यांचे आईवडील सुट्टीत येतात तेव्हा मुलगा त्यांना तो परिसर अभिमानाने दाखवतो. इन्फोसिसची गोष्ट तर आता घराघरात पाठ आहे. 1981 साली पुण्यात सुधा मूर्तींनी आपल्या बचतीतले दहा हजार रुपये नवऱ्याला दिले आणि त्या उसनवारीवर एवढी कंपनी उभी राहिली.

याच सिटीच्या उंबरठ्याशी सुरू होणारा तालुका म्हणजे आनेकल. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले ही आज कारखान्यांमुळे माहीत झालेली नावं याच तालुक्यातली. इन्फोसिसची घडी बसत होती त्या सुमारास या तालुक्यातल्या दलित वस्त्यांतली पोरं पाचशे-हजार रुपयांपोटी मालकाच्या गोठ्यात झोपत होती. उसने पैसे इथेही होते आणि तिथेही. एका उसनवारीने माणसं उभी राहिली, दुसरीने पिढ्या आडव्या झाल्या. फरक रकमेत नव्हता. पैसे देणारा कोण आणि घेणारा कोण, यात होता.

1980 चं दशक संपत आलं होतं तेव्हा किरण कमल प्रसाद हे या तालुक्यातल्या दलितांमध्ये काम करण्यासाठी आले. मूळचे जेझुइट पंथातले, पण मिशनचा बंगला सोडून वस्तीकडे वळलेले. शिक्षणाचं, संघटनेचं काम करावं असा विचार. पण माणसं गोळा करायला जावं तर घरातला कर्ता पोरगा कधी घरी सापडायचाच नाही. 'जीतात आहे,' असं सहज सांगितलं जायचं. जसं आपण 'बँकेत आहे' म्हणतो तसं. सांगणाऱ्याला त्यात वावगं वाटत नव्हतं. हे बेकायदा आहे, हे त्या घराला ठाऊक नव्हतं. मालकाला ठाऊक असलंच तर तो कशाला बोलेल? आणि तालुका कचेरीच्या लेखी तर तालुक्यात जीतच नव्हता!

विधानसौधापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरची ही गोष्ट. कायदा होऊन तेव्हा बारा वर्षं उलटली होती.

टेक्सासमधला उशीर आणि पुण्यातली अर्पणपत्रिका

असा उशीर जगात दुसरीकडेही झाला आहे. अमेरिकेत अब्राहम लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला. पण दूर टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात सैन्य घेऊन अधिकारी पोचला आणि त्याने गुलामांना ते स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं, ती तारीख होती 19 जून 1865. अडीच वर्षं! मधल्या काळात मालकांनी पिकं काढून घेतली. त्या काळ्या माणसांनी सण म्हणून पुढे साजरी केली ती 19 जूनचीच तारीख, लिंकनच्या सहीची नव्हे. बातमी ज्या दिवशी आपल्या दारात आली तो आपला दिवस. ह्यूस्टनमध्ये तर हा सण करायला जागा मिळेना, तेव्हा नुकत्याच सुटलेल्या या माणसांनी 1872 मध्ये वर्गणी काढून 10 एकर जमीन विकत घेतली. ते उद्यान आजही आहे. अमेरिकी सरकारला या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी द्यायला 2021 साल उजाडलं, हा उशीर निराळाच.

आपल्या पुण्यातल्या एका माणसाचं या घटनांकडे बारीक लक्ष होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनीही गिरवावा, आपल्याच शूद्र बांधवांना मोकळं करावं, ही इच्छा त्यांनी तिथेच नोंदवली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. म्हणजे पुस्तकात इच्छा लिहून जोतीराव थांबले नाहीत; ती अमलात आणायला माणसांची संघटनाही त्यांनी बांधली. दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने गुलामीच्या अंताचं स्मरण कसं करायचं, हे असं दाखवून ठेवलेलं आहे.

कागद मिळवण्याची लढाई

आनेकलमध्ये पुढे जे घडलं ते याच वळणाचं. 'जीत विमुक्ती कर्नाटक' ही संघटना उभी राहिली. तिच्या नावाची आद्याक्षरं जोडून तिला 'जीविका' म्हणू लागले. आनेकलपासून सुरू झालेलं तिचं काम हळूहळू कर्नाटकाच्या इतर जिल्ह्यांत पसरलं.

कामाची रीत ऐकायला सोपी. कार्यकर्त्याने गावात जायचं, दलित वस्तीत बसायचं, घरोघर विचारायचं: घरातलं कोण कुणाकडे आहे, किती रुपयांवर आहे, कधीपासून आहे, सोडून जाता येतं का? मग त्या मजुराचा अर्ज लिहायचा आणि तो तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे (तिकडे त्यांना असिस्टंट कमिशनर म्हणतात) नेऊन द्यायचा. अधिकाऱ्याने चौकशी करायची आणि वेठ असल्याचं आढळलं तर मुक्ततेचं पत्र द्यायचं. कन्नडमध्ये 'बिडुगडे पत्र'. बिडुगडे म्हणजे सुटका.

खरी मेहनत आहे ती यातल्या प्रत्येक पायरीवर. चौकशीला अधिकारी गावात येतो तेव्हा सरपंचाच्या ओसरीवर बसतो. चहा देतो तो मालक. मजुराला तिथे बोलावून विचारलं जातं, 'काय रे, तू स्वखुशीने राहतोस ना?' आता ज्याच्या रानात उद्या बायकोला गवत कापायला जायचंय, ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचंय, त्याच्यासमोर तो काय सांगणार? मान हलवतो. अधिकारी लिहून घेतो: जीत आढळला नाही. तेव्हा कार्यकर्त्याचं काम अर्ज लिहिण्यावर संपत नाही. चौकशीच्या दिवशी त्या मजुराच्या शेजारी उभं राहणं, हे मोठं काम. एकटा माणूस मान हलवतो. शेजारी दहा जण उभे असले तर तोंड उघडतो.

हे दहा जण कुठून यायचे? इथे या कामाचं खरं मर्म आहे. जे सुटले, तेच पुढच्या गावात जायचे. ज्याने स्वतः गोठ्यात रात्री काढल्या आहेत त्याला समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो. मालक काय धमकी देईल, घरचे काय म्हणतील ('घेतलेले पैसे बुडवायचे का? आपण चोर आहोत का?'), हे त्याला आधीच ठाऊक असतं. या शेवटच्या प्रश्नावरच कित्येक सुटका अडतात. गरीब माणूस कर्जाच्या बाबतीत विलक्षण इमानी असतो. कर्ज कायद्याने बुडालं, हे त्याच्या मनाला पटत नाही. शिकलेल्या कार्यकर्त्याने कलम वाचून दाखवलं तर तो ऐकून घेतो; पण आपल्यासारख्याच एखाद्याने, 'अरे, त्या पाचशेचे तू किती वेळा फेडलेस ते मोज तरी,' असं म्हटलं तर विचारात पडतो.

यातूनच जीतदाळू आणि शेतमजुरांचा 'ओक्कूट' उभा राहिला. ओक्कूट म्हणजे संघ, एकोपा. जीत पद्धत गेल्याचं स्मरण या लोकांनी असं ठेवलं: आपण सुटलो ना, मग आता पुढच्याला सोडवायचं. रेशनकार्डासाठी, घराच्या जागेसाठी, मुलांच्या शाळेतल्या दाखल्यासाठी, किमान वेतनासाठी, रोजगार हमीच्या कामासाठी एकमेकांबरोबर कचेरीत जायचं. समाजसेवा हा शब्द शहरात वर्गणी आणि सत्कार यांच्याशी जोडला जातो. इथे ती सेवा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्यासाठी तहसील कचेरीच्या पायरीवर बसणं.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला 'बंधुता' आहे. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीने तो घातला. वेठीला बंदी करणारं 23 वं कलम त्याच घटनेतलं. कलम वकिलाच्या उपयोगी पडतं. ओसरीवरल्या चौकशीत उपयोगी पडते ती बंधुता.

जू खांद्यावर घेतलेला बाप

बंगळूर परिसरातल्या या राबणुकीचं सर्वांत जिवंत चित्र एका कवीने काढून ठेवलं आहे. सिद्धलिंगय्या, जन्म 1954, गाव मागडी तालुक्यातलं मंचनबेले. तेव्हा तो भाग बंगळूर जिल्ह्यातच होता. 'ऊरु केरी' या त्यांच्या आत्मकथनाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. लहान मुलगा दुरून पाहतो: जमीनदाराच्या शेतात नांगरट चाललीय, नांगर धरणारा मागे आहे, पण जुवाला बैल नाहीत. दोन माणसं जू खांद्यावर घेऊन ओढताहेत. त्यातला एक त्याचा बाप!

पुढे हे कुटुंब पोटासाठी बंगळूरला आलं, श्रीरामपुरच्या झोपडवस्तीत राहिलं. मुलगा शिकला तो गोपालस्वामी अय्यर यांच्या नावाच्या वसतिगृहात राहून. अय्यर हे ब्राह्मण समाजसुधारक; जुन्या म्हैसूर संस्थानात दलित मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. एका माणसाने उघडून ठेवलेलं दार आणि त्यातून आत आलेला एक मुलगा. त्या मुलाने पुढे काय केलं? महाराष्ट्रात 1972 मध्ये दलित पँथर गरजली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत कर्नाटकात दलित संघर्ष समिती आकाराला आली. बी. कृष्णप्पा, देवनूर महादेव यांच्याबरोबर सिद्धलिंगय्या तिच्या पहिल्या फळीत होते. 1975 मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह आला आणि त्यांची गाणी मोर्च्यांत गावोगाव गायली जाऊ लागली. ज्या वाद्याला गावाने मयताच्या आणि जत्रेच्या वेळी सक्तीने वाजवायचं वाद्य ठरवलं होतं, ते 'तमटे' नावाचं हलगीसारखं चामडी वाद्य या मोर्च्यांच्या पुढे वाजू लागलं. सिद्धलिंगय्या बंगळूर विद्यापीठात कन्नडचे प्राध्यापक झाले, विधान परिषदेवर गेले, 2015 मध्ये श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जून 2021 मध्ये करोनाने त्यांना नेलं. पुढल्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या अंगणात काय?

हे वाचून 'कर्नाटकात अजब प्रकार' असं म्हणणाऱ्यांनी आपलं अंगणही पाहावं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत 'लग्नगडी' नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे घ्यायचे आणि नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात काही हजार वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही अशी शपथ घेऊन उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन त्या भागात दर वर्षी पाळला जातो. पण वेठ सरली का? 1982 मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना सुरू केली ती वेठबिगारांच्या सुटकेच्या प्रश्नावरूनच. 14 ऑगस्टच्या मध्यरात्री झेंडा लावायची प्रथा या संघटनेने पाडली. लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने 1999 मध्ये पंडितांना आपला पुरस्कार दिला.

आणि 2022 मध्ये? त्या वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं थोडे पैसे आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघडकीला आलं. उघडकीला कधी आलं? त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली तेव्हा.

गंमत अशी (गंमत म्हणायचं ते रडू येतं म्हणून), की केंद्राच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं सोडवलेल्या वेठबिगारांच्या संख्येत कर्नाटकापुढे साठ हजारांच्या वरचा आकडा असे, तर महाराष्ट्रापुढे अवघा 1,404. याचा अर्थ महाराष्ट्रात वेठ कमी होती असा लावायचा, की शोधणारे कमी होते असा? बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून 'उचल' घेऊन कोयता खांद्यावर टाकतो, बायकोसह बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांपर्यंत जातो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, खाड्याचे पैसे वरून कापले जातात. त्याला वेठबिगार म्हणायला आपली जीभ रेटत नाही. सर्वोच्च न्यायालयाची जीभ मात्र रेटली होती. एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, 1982 मध्ये, न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. पुढल्या वर्षी स्वामी अग्निवेश यांच्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जातंय असं दिसलं, की त्यामागे उचल आहे असंच धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्याने ते शाबीत करावं.

सुटल्यानंतर

सुटका हा एक दिवस असतो. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची कशी? फरिदाबादच्या दगडखाणींतून न्यायालयाच्या हुकमाने सुटलेले शंभरावर मजूर बिलासपूरला आपल्या गावी परत आले आणि महिनोन् महिने त्यांना काहीच मिळालं नाही. नीरजा चौधरी या पत्रकार महिलेने त्यांची दशा न्यायालयाला कळवली. 1984 च्या निकालात न्यायालयाने बजावलं की पुनर्वसन केलं नाही तर ही माणसं भुकेपोटी पुन्हा त्याच खड्ड्यात जातील.

सरकारची मदत योजना 1978 पासून आहे. सुरुवातीला माणशी चार हजार रुपये होते, ते वाढत वाढत 2000 साली वीस हजार झाले. 2016 मध्ये योजना नव्याने आखली गेली: पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अत्यंत अमानुष प्रकारांत तीन लाख. हातात लगेच पडणारी मदत मात्र लहान. 2022 पासून ती तीस हजारांपर्यंत आहे. मोठी रक्कम मालकावरच्या खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने पुष्कळदा अडकून पडते. खटला चालतो पाच-सात वर्षं. तोवर तो मजूर कुठे असेल, साक्षीला कोण आणणार, मालकाने मिटवायला पैसे पुढे केले तर नको म्हणायचं बळ कुठून येणार?

ओक्कूटसारख्या संघटनांचं काम म्हणूनच सुटकेपाशी थांबत नाही. शेजारच्या तमिळनाडूतही सुटका झालेल्या मजुरांनी स्वतःची संघटना बांधली आहे आणि नव्याने सुटलेल्यांना पहिल्या दिवसांत धीर देण्याचं काम ती करते.

रूप मात्र बदललं आहे. आनेकलच्या जमिनी विकल्या गेल्या, गोठे गेले, तिथे गाळे आणि सोसायट्या आल्या. गावातल्या मालकाच्या जागी लांबचा ठेकेदार आला. बंगळूर वाढतं आहे त्या विटा भाजायला ओडिशाच्या बलांगीर-नुआपाड्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं उचल घेऊन येतात. तिकडे या पद्धतीला 'दादन' म्हणतात. दगडखाणींवर तमिळनाडूकडचे मजूर असतात. 2000 साली मंड्या जिल्ह्यातल्या हंगरहळ्ळीच्या खाणीत पायांत लोखंडी बेड्या घातलेले मजूर सापडले तेव्हा देशभर गहजब झाला; पण बेडी दिसली म्हणून तरी ती बातमी झाली. वीटभट्टीवर बेडी लागत नाही. आधार कार्ड ठेकेदाराच्या खिशात, भाषा परकी, पोरं लहान. पळून जाणार कुठे? गावातल्या जीतदाळूला निदान शेजारची वस्ती होती, तिथून कार्यकर्ता येऊ शकत होता. या भट्टीवाल्यांना शेजारीच नाही.

1978-79 मध्ये गांधी पीस फाउंडेशन आणि नॅशनल लेबर इन्स्टिट्यूट यांनी केलेल्या पाहणीत दहा राज्यांत मिळून 26 लाखांवर वेठबिगार असल्याचा अंदाज निघाला होता. त्यानंतरच्या चार दशकांत सोडवून पुनर्वसन झालेल्यांची सरकारी बेरीज तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास. आणि 2016 मध्ये केंद्रीय श्रममंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी संसदेत उद्दिष्ट सांगितलं ते 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगारांना शोधून सोडवण्याचं.

शोधायचं कुणी, याचं उत्तर कायद्यात आहे. जिल्हाधिकारी, प्रांत आणि त्यांच्या देखरेख समित्या. पण खबर कुणीही देऊ शकतो. भट्टीवरून विटा आणणारा ट्रकवाला, भट्टीजवळच्या शाळेची बाई, प्लॉट पाहायला गेलेलं कुटुंब. खबर देणाऱ्याने काही सिद्ध करायचं नसतं. जिल्हाधिकारी किंवा तहसीलदाराच्या कचेरीत साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालतं. मुलं असतील तर 1098 हा नंबर आहे. कागदावर एवढंच लिहावं: जागा कुठली, माणसं साधारण किती, त्यांची बोली कुठली, उचल घेतल्याचं कुणी बोललं का, आणि बाजाराच्या दिवशी त्यांना भट्टीबाहेर जाऊ देतात की नाही.